वगदीच्या काळजाचा रिपोर्ट

...नाही, पण तुम्हीच सांगा, चष्म्याच्या दुकानातल्या माणसानं जिममध्ये जावंच कशाला? चष्म्याच्या काड्या उचलायला दंड लागतात का? पण नाही! आमच्या बहरी मोहल्ल्यातल्या वगदीला 'मिस्टर अलेक्झांड्रिया' व्हायचं होतं! वय पस्तिशीच्या पुढं, लग्नाचा पत्ता नाही, दंड म्हणाल तर वाळल्या भेंडीसारखे... आणि त्याला भेटलं कोण? कॅप्टन शामिल! कसला कॅप्टन? जहाजाचा नाही, फुटबॉलचा नाही. आमच्याकडे ज्याच्या गळ्यात शिट्टी, तो कॅप्टन. झालं!

कॅप्टन म्हणाला, "हे बघ हिरो, स्नायू कशाचे? प्रोटीनचे. प्रोटीन कशाचं? अमिनो आम्लांचं. मग मधे दलाल कशाला? डायरेक्ट माझ्या कपाटातल्या अमिनोच्या गोळ्या घे ना!" वगदीनं विचारलं, "किती?" "डब्यावर लिहिलंय त्याच्या दुप्पट. अरे, घाबरतोस काय? जास्तीचं कधी वाया जात नाही!"

तुम्हाला सांगतो, या एका वाक्यानं घात केला. सकाळी गोळ्या, दुपारी पावडर, संध्याकाळी अंड्यांचं नुसतं पांढरं, पिवळं आईनं संपवायचं, आणि रात्री बापाच्या गाडीवरचं काळीज. बाप म्हणजे उस्ता बय्यूमी, काळजाच्या धंद्यातला उस्ताद. काळीज असं परततो, लसूण, हिरवी मिरची, वरून लिंबू, की समोरच्या दातांच्या डॉक्टरचे पेशंट दुखरा दात तसाच घेऊन काळीज-पावाच्या रांगेत उभे! त्यात वगदी घरचा. त्याला कोण अडवणार?

बरं, दंड वाढले? छे! वाढलं पोट! आणि घामाला वास कसला, तर केस रंगवायच्या डब्यासारखा, डोळ्यांत पाणी आणणारा. आता चष्मा बसवायचा म्हणजे गिऱ्हाइकाच्या नाकाशी नाक आणावं लागतं की नाही? वगदी पुढं झाला की गिऱ्हाईक मागं! एक बाई तर म्हणाल्या, "राहू दे बाळा, मला तसंही दिसतंय." त्यातच भूक मेली, मळमळ सुरू झाली, जिना चढताना धाप लागायला लागली. कॅप्टनला सांगितलं तर तो म्हणतो, "लक्षण चांगलं आहे. डोस वाढव."

शेवटी मालकानंच त्याला डॉक्टर नरमीनबाईंकडं पाठवलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वगदीभाऊ, चरबी साठवायला शरीरात कोठार आहे. साखरेला लहानसं का होईना, आहे. या अमिनोंना नाही! गरजेपेक्षा जास्त आले की यकृत बसतं त्यांना सोलत. त्यातला नायट्रोजन काढायचा, त्याचा होतो अमोनिया, म्हणजे विष. मग धावतपळत त्याचा युरिया करायचा आणि मूत्रपिंडाच्या गळ्यात मारायचा. उरलेल्याची साखर, नाहीतर चरबी."

"म्हणजे... वाया नाही ना जात?"

"मुळीच नाही! पोटावर जातं! त्यात तुमचं यकृत आधीच चरबीनं भरलेलं, वर हा जादा कामाचा जाच, आणि त्या डब्यात आणखी काय कोंबलंय ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. गोळ्या बंद, पावडर बंद, मांस थोडे दिवस बेतानं. ऐकणार नसाल तर पुढच्या भेटीला तुम्ही वॉर्डातल्या खाटेवर असाल."

वगदी घरी आला, चेहरा पांढराफटक. आईनं विचारलं, "काय म्हणाल्या रे?" तो म्हणाला, "काळीज थकलंय." आता आमच्याकडं पोटातल्या यकृतालाही काळीजच म्हणायचं आणि तव्यावरचंही काळीजच! माऊलीनं कपाळावर हात मारला. "अगंबाई! काळीज थकलं? मग काळजाला काळीजच हवं!" आणि घातलं हो खायला! नाश्त्याला काळीज, भातावर काळीज, काळजाचं सूप! "बाई म्हणाल्या बेतानं," वगदी म्हणाला. "बाईंना मुलं आहेत का? खा गुपचूप! जास्तीचं कधी वाया जात नाही!" आईला नाही म्हणायची आमच्याकडं कुणाची छाती आहे? आणि खरं सांगू? गोळ्याही चोरून चालूच होत्या. स्पर्धा तोंडावर आलेली ना!

दुसऱ्या तपासणीला आईबाप दोघंही सोबत, आणि आकडे आणखी चढलेले. बाई ओरडल्या. आई रडली, "मीच माझ्या हातानं घातलं रे!" वगदीच्या गोळ्या खिशातच. मग उस्ता बय्यूमीनं सोनोग्राफीचा फोटो घेतला, दिव्यासमोर धरला. इकडून पाहिला, तिकडून पाहिला. त्यातलं त्याला कळत काही नव्हतं, फोटो उलटा होता. बाईंना विचारलं, "फार चरबी आहे?" "फार." म्हातारा म्हणाला, "असलं काळीज मी कसायाच्या तोंडावर फेकतो. आणि हे माझ्या पोराचं आहे. याचं काय करू?" आणि डोळे पुसले हो त्यानं. तव्याच्या धुरातही ज्याच्या डोळ्यांतून कधी टिपूस आलं नाही, तो माणूस! वगदीला ते झोंबलं. त्यानं तिथंच खिसा रिकामा केला.

मग भोपळा, मसूर, काकड्या, समुद्रावर चालणं. आई चुलीशी धुसफुसत होती, पण शिजवत होती. स्पर्धा आली आणि गेली. हळूहळू वास गेला, भूक आली, गिऱ्हाइकं परत नाकाशी नाक आणायला लागली. आणि शेवटी तिसरा रिपोर्ट! सगळे आकडे जागच्या जागी! वगदीला कोण आनंद. सरळ गेला जिममध्ये आणि कॅप्टनच्या टेबलावर आपटला रिपोर्ट, "बघ! गोळ्या सोडल्या आणि बरा झालो!"

कॅप्टननं वाचला. परत वाचला. उठला, वगदीचा मुका घेतला, आणि रिपोर्ट चौकटीत घालून टांगला गोळ्यांच्या कपाटावर! खाली मोठ्या अक्षरांत पाटी, 'आमचं जुनं गिऱ्हाईक वगदी बय्यूमी. यकृत एकदम झकास!' गोळ्या घ्यायला दारात पोरांची ही गर्दी! वगदी म्हणतो, "अरे काढ तो! मी गोळ्या सोडल्यावरचा आहे!"

"हिरो, एवढंच सांग. जुनं गिऱ्हाईक आहेस ना?"

"आहे."

"रिपोर्ट खरा आहे ना?"

"आहे."

"मग?"

वगदीनं वर त्या तिरक्या चौकटीकडं पाहिलं आणि तो म्हणाला, "निदान चौकट तरी सरळ लाव."