शमुवेलाची भाकर

मंडळी, ऐका! ज्यानं तुमच्या घरातलं माणूस नेलं, तोच उपाशीपोटी दारात आला, तर त्याला वाढाल का? थांबा, आमेन म्हणायची घाई नको! आधी रिबकाबाईचं ऐका.

गोदाकाठचं गाव. रिबकाबाई विधवा, लेक एकुलता एक — शमुवेल. अंबादास मुकादमानं त्याला ऊसतोडीला नेलं. म्हणाला, "ईस्टरला आणून सोडतो, मावशी!" ईस्टर आला, टोळी परतली. शमुवेल नाही! मुकादम म्हणे, "मधूनच निघून गेला."

तेव्हापासून बाई रोज दिवेलागणीला एक भाकर जास्तीची थापायची. प्रार्थना करून फडक्याखाली झाकायची. "माझ्या शमुवेलाची हाय. कुणी हात लावायचा न्हाई!" सकाळी ती शिळी भाकर कोंबड्यांना. गावातल्या सगळ्यांत जाड कोंबड्या तिच्याच! — हसा. पण ती रोज रडायची हो.

एका वर्षी मुकादमाची टोळी फुटली, उचल घेतलेली माणसं पळाली, हा कर्जात बुडाला. कुणी दारात उभं करेना. पायी निघालेला अंबादास चक्कर येऊन बसला, तो नेमका हिच्याच ओट्यावर!

"मावशी... पोटात काही नाही."

"माझा लेक कुठाय?"

त्यानं रिकामी ओंजळ पुढं केली.

बाई आत गेली. फडकं उचललं. पुन्हा झाकलं! "प्रभू, दुसरं कुणीही धाड. ह्योच का?" भांडली, मंडळी, प्रभूशी भांडली! मी तर म्हणतो, हीच खरी प्रार्थना. आणि भांडता भांडता तिच्या मनात आलं — माझा शमूबी असाच कुणाच्या ओट्यावर बसला असंल तर?

भाकर बाहेर आली. वर कांदा, मीठ.

म्हणा माझ्याबरोबर —
दार लावू नको माये,
उंबऱ्याशी प्रभू राहे!

पहिला घास तोंडात गेला आणि मुकादम हुंदके द्यायला लागला. "मावशी, मी खोटं बोललो. त्याला ताप भरला होता. मी त्याला वाटेत टाकून आलो. मागून कळलं, एका म्हातारीनं त्याला ओसरीवर घेतलं, पेज पाजून उठवलं. मग तो कुठं गेला, देवाशपथ ठाऊक नाही."

रिबकाबाई बोलली, "त्या माउलीनं माझ्या लेकराला वाढलं... आन् मी त्याची भाकर कोंबड्यांस्नी घालीत व्हते!"

शमुवेल आला का? नाही, मंडळी. अजून नाही. कीर्तनकारानं खोटं बोलू नये. ती जास्तीची भाकर अजून थापते. येणारा-जाणारा कुणीही जेवतो. तो जेवतो आणि ती रस्त्याकडे बघत बसते. आशा सुटलेली नाही. पण आता भाकर शिळी होत नाही.

प्रीतिभोजनाच्या रश्श्याचा वास येतोय. माझंही लक्ष तिकडंच आहे! पण जरा मागं वळून बघा. ऊसतोडीची माणसं मघापासून दाराबाहेर उभी आहेत. तीही कुणाची तरी शमुवेलच आहेत.

या हो, आत या! — आणि मंडळी, सतरंजीवर जरा सरका की!