पहिल्या नंबरचा कॅमेरा

...आणि वर म्हणतो काय, 'सोपं आहे गं.' कोण म्हणजे? माझा दादा, दुसरं कोण. तुम्हाला सांगते, ज्याला स्वतःला काही करायचं नसतं ना, त्याला जगातलं सगळं सोपं असतं. माझा लॅपटॉप जुना, रडतखडत चालायचा, पण चालायचा हो. त्यावरून नोकरीची मुलाखत द्यायची होती, वर्षभर अर्ज करून आलेली पहिली. आणि हा आदल्या दिवशी फोनवर, 'जुनी सिस्टीम काढ, ती फुकटात मिळणारी ओपन सोर्सवाली टाक, पळेल बघ.' टाकली. म्हणजे जुनी पुसली गेली, आणि नवी मध्येच अडून मलाच विचारायला लागली, कुठला ड्रायव्हर लावू?

आतल्या एकेका भागाला चालवणारा एकेक ड्रायव्हर. वायफायचा वेगळा, कॅमेऱ्याचा वेगळा. यादीतली नावं कसली, गाड्यांच्या नंबरप्लेटा. दादाला फोन. 'तुझ्यात जो कॅमेरा आहे तोच निवड, सोपं आहे गं.' कुठला आहे? 'लिहिलेलं असतं त्यावर.' कुठे? 'आतल्या बाजूने.' आता मी काय लॅपटॉपचं पोट फाडू? वायफायचा ड्रायव्हर यादीतच नाही, तर म्हणे नेटवरून घे. अरे, नेटला वायफाय लागतं, वायफायला ड्रायव्हर लागतो, आणि ड्रायव्हर बसलाय नेटवर... शेवटी नेटची केबल ओढून आणून जोडली. तेवढ्यात लॅपटॉप 'टूँ' करून ओरडला, मी खुर्चीतून उडाले ते वेगळंच.

मग बाबा आले. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, यादी दिसली की राहवत नाही. 'कॅमेरा ना? पहिला नंबर घे. पहिला उगाच येतो का कुणी?' अहो, ती गुणवत्ता यादी नव्हती, अक्षरांच्या क्रमाने होती. पण मला पटलं, लावला तोच. त्यांच्याच वर्गात शिकलेय ना मी.

दुसऱ्या दिवशी मुलाखत सुरू झाली. मी दिसले. उलटी. डोकं खाली, खांदे वर, वटवाघूळ. तिकडे तिन्ही साहेबांच्या माना एकदम कलल्या. टेबलाखालून दादाला मेसेज केला, तर उत्तर, 'ड्रायव्हर बदल, बंद करून चालू कर, सोपं आहे गं.' साहेबांच्या तोंडावर बंद करू? संताप संताप झाला नुसता. बाबा मात्र उठले, अन् अख्खा लॅपटॉपच उलटा करून माझ्यासमोर धरला. तिकडे मी सुलटी झाले, आणि माझ्या पडद्यावरचे साहेब झाले उलटे. अर्धा तास मी तीन लोंबकळत्या माणसांना माझे गुण सांगत होते. बाबांचे हात भरून आले की चित्र थरथरायचं. एक साहेब म्हणाले, 'तुमच्याकडे भूकंप वगैरे?' म्हटलं, नाही सर, नेट स्लो आहे.

निवड झाली. सोमवारी हजर व्हायचंय. दादा म्हणतो, 'बघ, माझ्यामुळे मिळाली.' मिळाली बाबा. पण ज्यांच्या हाताखाली काम करायचं, त्यांना मी धड सुलटं असं पाहिलेलंच नाही; आधी माना कललेल्या, मग सगळेच उलटे. ओळखायचं तर दारात उभं राहून जरा वाकूनच बघावं लागणार, दुसरं काय.