ऐकणाऱ्याने बोलायचं नाही

अरे नाही नाही, तोंड मिट. केयूर सर आत्ता काय म्हणाले? ऐकणाऱ्याने बोलायचं नाही. ‘हं’ नाही, ‘अच्छा’ नाही, मान हलवलीस तर चालेल, पण तीही जपून. घंटा वाजेपर्यंत समोरचा क्लायंट बोलणार आणि तू नुसतं ऐकणार — सोपं वाटतं ना? वाटू दे. मला भांडुपच्या सेंटरवर वीस वर्षं झाली, नवरा-बायकोची भांडणं ऐकून कान किटले, आणि तरी यंदा वरून फर्मान आलं — सगळ्या काउन्सेलरांनी ट्रेनिंगचे तास पूर्ण करा. म्हणून रविवारची घाटकोपरला येऊन पाचवीच्या पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेय. तू सुयोग ना? बोरिवलीचा, शाळेत काउन्सेलर? सकाळी ओळख करून दिलीस तेव्हा ऐकलं. मी दर्शना राणे. मॅडम-बिडम नको, ताई म्हण — म्हणजे नंतर म्हण, आत्ता गप्प बस.

तर केस. सर म्हणाले, केस बनवून सांगायची, घरचं काही आणायचं नाही. ते तर माझ्या डाव्या हातचा मळ. थांब हां, बनवते — मी विमला. विक्रोळीला राहते, शिवणाचे क्लास घेते. नवरा रिटायर्ड, दिवसभर रिमोट हातात. प्रॉब्लेम काय द्यावा? सासू? नको, ते मागचे बघ, सगळ्यांच्या सासवाच चालल्यात. विमलाला एक मुलगी देऊ या. तेजल. आणि ती तेजल घर सोडून चाललीय. डोळे कशाला मोठे करतोस, पळून-बिळून नाही रे — भाड्याच्या फ्लॅटवर, अंधेरीला, मैत्रिणीबरोबर. ऑफिस तिकडे आहे ना. आता मुलुंडवरून रोज अंधेरी म्हणजे — मुलुंड म्हटलं का मी? विक्रोळी. विक्रोळीवरून. घाटकोपरला उतरा, मेट्रो पकडा, पुढे परत रिक्षासाठी भांडा, पोरगी घरी येते ती नुसती चपला काढते आणि आडवी होते. तेव्हा चाललीय त्यात चुकीचं काय? काहीच नाही. मी — म्हणजे विमलाने — लगेच समजून घेतलं. जजमेंट नाही, आडकाठी नाही, पूर्ण व्हॅलिडेट केलं तिला.

हसलास ना? बरोबर आहे, शिवणाच्या बाईच्या तोंडी व्हॅलिडेट कुठून येणार. बघितला असेल विमलाने मोबाइलवर एखादा व्हिडिओ, हल्ली सगळेच बघतात. तर काय झालं — बुधवारी जेवून झाल्यावर ती म्हणाली, आई, फ्लॅट फायनल झाला, रविवारी शिफ्ट होतेय. आता साधी बाई काय करेल? काय करेल सांग — नको सांगूस, मीच सांगते. म्हणेल, अगं असं अचानक काय? आम्हाला विचारलंस का? मी काय म्हणाले माहितीये? म्हणाले, “म्हणजे तुला स्वतःच्या जागेची गरज वाटतेय, असं मी ऐकतेय.” जेवणाच्या टेबलावर! हातात आमटीचं भांडं! ती बघतच राहिली. मग म्हणाली, आई, तुला काय वाटतं ते सांग ना. मी म्हटलं, “माझ्या वाटण्यापेक्षा तुझं वाटणं आत्ता महत्त्वाचं आहे.” एकदम परफेक्ट वाक्य, काय? सेंटरवर या वाक्यावर माणसं मोकळी होतात. ही रडायला लागली. आणि रडायला लागल्यावर माझा हात आपोआप — हे बघ, असा — टिश्यूचा डबा शोधायला लागला. घरी कुठला टिश्यूचा डबा? हाताला पेपर नॅपकिन लागले, तेच पुढे सरकवले. सरकवले रे, डोळे पुसले नाहीत तिचे. क्लायंटला हात लावायचा नाही ना.

हसतोयस काय, पुढचं ऐक. ती रडतेय, मी शांत, चेहऱ्यावर ते आपलं — तुझ्या चेहऱ्यावर आत्ता आहे ना, अगदी तेच. आणि मग म्हणाले, “आज आपण इथे थांबू या का?”

सेशन बंद करताना म्हणतो ते वाक्य. पोटच्या पोरीला. जयवंत — नवरा माझा — आतून टीव्हीचा आवाज बंद करून बघायला आला, की घरात कोण आलंय.

हो, कळलं, विमला कधीच गेली विक्रोळीला. तिला जाऊ दे, तिचे क्लास असतील. रुचिरा नाव माझ्या मुलीचं. तर रुची उठली, म्हणाली, “आई, तू ओरड, ताट आपट, काहीही कर, पण हे नको ना करूस माझ्याशी. एकदा तरी भांड ना, आईसारखी.” आणि खोलीत जाऊन बॅग भरायला घेतली. मी काय केलं? मी दाराबाहेर उभी राहून तिला वेळ दिला. वेळ देण्यात तर मी एक्सपर्ट.

आणि दुसऱ्या दिवशी काय बघते — आमच्या समोरच्या शकुवहिनी, मालवणच्या, तोंडाला कुलूप माहीत नाही त्यांना — रुचीला जिन्यातच गाठली. “खंय चललंस गो? आवशीक सोडून जातलंस? लाज वाटणा नाय?” आईला सोडून चाललीस म्हणून असा हंगामा, सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली. मी म्हटलं झालं, वाट लागली, आता रुची चिडणार. तर ही पोरगी शकुवहिनींच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली! आणि वहिनी पदराने तिचं नाक पुसतायत आणि शिव्या देतायत, शिव्या देतायत आणि नाक पुसतायत. मी वर उभी, हातात कचऱ्याची बादली. मला इतका राग आला, सुयोग. असा राग आयुष्यात कुणाचा आला नव्हता. माझी पोरगी आहे ती, तिचं नाक पुसायचं तर मी पुसेन ना!

पाणी नको, राहू दे. बाटली पुढे केलीस ती मात्र छान केलीस, टिश्यूपेक्षा बरं. नाही, मी ठीक आहे. बुधवारी सांगितलेला रविवार — तो आजचाच. टेम्पो जेवणाच्या आत येणार होता. तू विचारत नाहीयेस, विचारू शकत नाहीस म्हणून, पण तुझ्या भुवया विचारतायत — मग ताई, तुम्ही इथे कशा? तर तास पूर्ण करायचेत. सांगितलं ना, फर्मान आहे. बरं, पुढच्या महिन्यात पण बॅच होती. त्याच्या पुढच्या महिन्यातही आहे. मी आजचीच घेतली. सकाळी निघताना तिला म्हटलं, “ऑल द बेस्ट हं, बेटा.” इंटरव्ह्यूला चालल्यासारखं. तिला जाऊ द्यायचंच आहे रे मला, अडवायचं थोडंच आहे! पण जाताना तिला कळायला तरी हवं ना, की घरात कुणाचं तरी आतडं तुटतंय तिच्यासाठी. तीन दिवस झाले, तिला वाटतंय आईला काहीच होत नाही. आणि आईचं काय, तर रोज पहाटे उठून —

थांब, फोन वाजतोय. वाजू दे म्हणतोस? काहीच म्हणत नाहीयेस, शाबास. रुचीचाच आहे.

हॅलो. हां, आला टेम्पो? चढवलं सगळं?... कुकरची शिट्टी ना, ओट्याखालच्या खणात बघ... मिळाली? बरं... नाही गं, काही नाही, वर्गात आहे. ऐक. तुझ्या भावना मी — नाही. थांब. रुची, टेम्पो थांबव. थांबव म्हणते ना! न विचारता फ्लॅट घेतेस, शिट्टी कुठेय ते मात्र आईला विचारतेस? लाज नाही वाटत? मी येतेय. काय करायला म्हणजे? भांडायला येतेय! मी आल्याशिवाय तो टेम्पो हलला तर बघ!

सुयोग, उठ, सरक, मला बाकातून निघता येत नाहीये. गुडघ्यांची पार वाट लागली. अरे ती माझी पर्स दे. आज मेगाब्लॉक असेल, लोकल बंद, रिक्षाच बघावी लागेल हायवेने — काय? काही बोलायचंय? घंटा झाली का? नाही ना? मग गप्प बस. सरांना म्हणावं, ताईंचे तास राहू देत अर्धे, पुढच्या महिन्यात बॅच आहे. आणि माझ्या वाटचं जेवण तू जेव, श्रीखंड-पुरी आहे म्हणे. आता बघत काय बसलास? वाट सोड!