सगळीकडे मुख्य पान

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक आजोबा आणि त्यांची लेक बसले होते. दवाखान्याची वेबसाइट तिनेच बनवलेली होती, हे बोलण्यावरून कळलं.

"बाबा, आजचा नंबर तुम्हीच रद्द केलाय."

"मी तर नक्की करायला गेलो होतो."

"पण रद्द करायच्या पानावर पोचलात."

"फोन वाचून दाखवतो तेवढंच मला कळतं, बाई. कुठलंही पान उघडलं की तो म्हणतो, 'मुख्य पान'."

"सगळीकडे?"

"सगळीकडे. मला वाटलं, मी जागचा हलतच नाहीये."

"आतला मजकूर बदलतो, पण वरचं नाव तेच राहतं. प्रत्येक पानाला वेगळं नाव द्यायचं माझ्याकडून राहिलं."

"महिनाभर हेच ऐकतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू म्हणालीस, लहान मूलसुद्धा वापरेल. कुठल्या तोंडाने सांगू?"

तिच्या लॅपटॉपची बटणं बराच वेळ वाजत राहिली.

"आता उघडून बघा."

"'नंबर रद्द करा.' बरं. आणि हे... 'नवीन नंबर घ्या.'"

"हां, तेच. द्या इकडे, मी घेते."

"हात लावू नकोस. मी घेतो."