फॉर्मवरची दुसरी सही

डॉक्टरांच्या दाराबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर नवरा-बायको बसले होते. तिच्या हातात त्याच्या शिखरमोहिमेचा फॉर्म.

“‘वर मृत्यू झाल्यास देह तिथेच ठेवावा.’ यावर सही केलीत? मला न विचारता?”

“अगं, देह खाली आणताना सहा जणांचा जीव धोक्यात येतो.”

“वा! त्या सहा जणांचा विचार केलात. आणि मी काय घरी भिंतीकडे बघून रडू?”

“हळू बोल, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत! वर्षभर पाठीवर वाळूची पिशवी घेऊन सोसायटीचे जिने चढलात, तेव्हा नाही लाजलात. हे पेन घ्या. खाली लिहा, दुपारचा एक वाजला की असेन तिथून मागे फिरेन.”

“आणि शिखर दहा पावलांवर असलं तर?”

“दोन पावलांवर असलं तरी. करा सही.”