अनोळखी नंबर

नेवाशाच्या एसटी स्टँडवर दुपारी माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या. यशोधरा नावाची मुलगी, फोनवरची फसवणूक रोखणाऱ्या ॲपविषयी लोकांना प्रश्न विचारत आलेली. तिच्या शेजारी लंकाबाई.

"मावशी, आमचं ॲप वापरताना काय अडचण येते?"

"काढून टाक ते. नातीनं घातलं, तवापासून आदिनाथचा फोनच न्हाई."

"आदिनाथ कोण?"

"ल्योक माझा. ऊसतोडीला गेलाय, लई लांब. भाकरीच्या वक्ताला रोज फोन करायचा."

"त्याचा नंबर सेव्ह असेल ना?"

"त्याचा फोन फुटला. कधी मुकादमाच्या फोनवरनं बोलतो, कधी ट्रॅक्टरवाल्याच्या."

"आमचं ॲप अनोळखी नंबर वाजूच देत नाही, मावशी. चोर असतात त्यात."

"असतील की. पन माझा आदिनाथबी त्यातच हाय."

"हे आम्हाला कुणालाच सुचलं नाही. थांबा, फोन द्या, असे नंबर वाजतील असं करते. अनोळखी नंबर आला की लाल अक्षरं दिसतील."

"मला कुठं वाचता येतंय? जास्वंद फुलल्यासारखं वाटंल नुसतं."

"मग चोर कसा ओळखाल?"

"कानानं. वाजला बघ! तुझ्याच हातात हाय, तूच उचल. बोलू नगंस, ऐक."

"काय ऐकू?"

"मागं ऊस सळसळतोय का?"

"वारा आहे... हो, पानं वाजतायत. खूप पानं."

"दे इकडं. आदिनाथ, बोलू नगंस रे. जरा तसाच ऱ्हा, ऐकू दे."