मी त्याला धरतो

…आता तुम्हीच सांगा, मी काय वावगं बोललो? 'कुऱ्हाड मारतो' म्हटलं असतं तर एक फासा, एक आकडा, गडी आडवा, आणि चार वाजता मी घरी. पण नाही. चौदा वर्षं ज्याच्या मागावर होतो तो काळा सरदार एकदाचा समोर आला, आणि मी फक्त एवढंच म्हटलं, "मी त्याला धरतो."

डार्लीन आमच्या गावात शाळेची बस चालवते, चाळीस पोरांच्या दंग्यात जिची भुवई हलत नाही, तिनं हातातला चीजचा तुकडा खाली ठेवला. ऑरिन दातांचा डॉक्टर. तो 'जरा दुखेल हं' म्हणतो ना, त्याच आवाजात म्हणाला, "हार्लन, शब्द मागे घे." आणि वर्लिन… वर्लिन उठला आणि पुस्तकाच्या कपाटाकडे गेला.

वर्लिन म्हणजे आमचा खेळ चालवणारा. खेळ सोपा आहे हो. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, मी खुजा योद्धा, डार्लीन तिरंदाज, ऑरिन मांत्रिक. मी अमुक करतो म्हणायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि जमलं की फसलं ते वर्लिन पुस्तकात बघून सांगणार. दर रविवारी, चर्च सुटलं की वर्लिनच्या तळघरात. बाहेर विस्कॉन्सिनमधलं आमचं तळं गोठलेलं असो नाहीतर वितळलेलं, आम्ही आपले खाली. टेबलावर त्यानं ही एवढी मोठी ट्यूब टांगलीय, सुई पडली तरी दिसेल. का, तर कुणी फासा हळूच फिरवू नये! चौतीस वर्षं जमीनमोजणीत काढलेला माणूस. ज्यानं कुणाला बोटभर जमीन सोडली नाही तो आकडा सोडेल होय?

आणि तो रविवार माझा शेवटचा होता. मंगळवारी सामानाचा ट्रक येणार होता. बर्फ उपसून उपसून माझी कंबर गेली, म्हणून लॉर्नानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, थेट ॲरिझोनात घर बघितलं. म्हटलं जाऊ, कुठे नाही म्हणतोय, पण आधी त्या सरदाराचा निकाल लागू दे. कारण पहिल्याच वर्षी त्यानं माझं खेचर दरीत ढकललं होतं. ग्रेटा नाव होतं. हसू नका. कागदावरचं खेचर, मान्य… पण मला त्याची गचांडी धरून, डोळ्यांत डोळे घालून विचारायचं होतं की बाबा रे, ग्रेटानं तुझं काय घोडं मारलं होतं? आता गचांडी धरायची तर माणूस आधी धरायला नको? म्हणून म्हटलं, "मी त्याला धरतो."

तर त्या पुस्तकात कुऱ्हाडीला दीड पान आहे. तलवारीलाही दीडच. आणि नुसतं धरायला अकरा पानं! वर समासात वर्लिनच्या पुरवण्या. त्यानं चष्मा चढवला आणि म्हणाला, "हातमोजे घातलेत?" म्हटलं, घातलेत. "लोखंडी की चामडी?" आता मला काय ठाऊक! चौदा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मग त्याचं वजन, माझं वजन, खुज्याचा हात कुठवर पोचतो त्याचा हिशेब, आणि शेवटी कुठला अवयव हाताला लागला त्याचा तक्ता. टाकला फासा. डावा कान.

चौदा वर्षांचा सूड, तुम्हाला सांगतो, आणि हाती काय आलं तर डावा कान.

डार्लीन म्हणाली, मी बाण मारते. वर्लिन म्हणाला, झटापटीत बाण मारलास तर निम्मी शक्यता हार्लनला लागण्याची. तिनं मारला. निम्म्यात मीच निघालो. कुठे लागला ते विचारू नका, त्याचाही तक्ता आहे. ऑरिननं झोपेचा मंत्र टाकला, तर सरदार टक्क जागा आणि मी पेंगायला लागलो. पण पेंगणाऱ्याच्या हातून कान सुटत नाही, पान नववं. मी मधेच उठून वर जाऊन कॉफी घेऊन आलो, तरी खाली कान माझ्याच हातात. साडेतीन तास गेले हो! आणि खेळातला वेळ किती गेला? सहा सेकंद.

बाहेर अंधारून आलं, लॉर्ना गाडीचा हॉर्न वाजवायला लागली. म्हटलं, वर्लिन, बास. मी त्याला सोडतो, कुऱ्हाड घालतो, तू मेला म्हण आणि मला मोकळा कर. तर त्यानं पुस्तक माझ्याकडे फिरवून बोट ठेवलं. अकराव्या पानाच्या समासात, पेन्सिलीनं: 'पकड सोडायला धरणाऱ्याला पाच किंवा त्याहून जास्त पडले पाहिजेत. तो टेबलावर नसला तरी पकड त्याचीच. तोवर खेळ पुढे सरकणार नाही.'

मी त्या ओळीवरून अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला.

म्हणजे मी कॉफी आणायला गेलो होतो तेव्हाच लिहिलेलं! मी वर्लिनकडे बघितलं. तो चष्मा पुसत होता, स्वच्छच होता चष्मा, तरी पुसत होता. म्हणाला, "नियम म्हणजे नियम, हार्लन. टाक फासा." टाकला. तीन पडले. आणि डार्लीन, जिला माझ्यामुळे साडेतीन तास ताटकळावं लागलं ती डार्लीन, हळूच म्हणाली, "बरं झालं."

तर आता ॲरिझोना. ऊन आहे, निवडुंग आहे, कंबर झकास. दर रविवारी तिकडचे बारा वाजले की फोन येतो. वर्लिन माझ्या वतीनं फासा टाकतो आणि सांगतो, "दोन." पुढच्या रविवारी, "चार." सतरा रविवार झाले, वीस बाजूंचा फासा आणि पाचावर जायला तयार नाही! मग काय, तास-दोन तास इकडचं तिकडचं. तळ्यावरचा बर्फ फुटला का, ऑरिनच्या मुलीचं लग्न ठरलं का… माझी खुर्ची जागेवरच आहे म्हणे. तिच्यावर कोट टाकतात सगळे.

लॉर्ना म्हणते, "अहो, सोडा ना त्या मेल्याला. सगळा रविवार जातो तुमचा." म्हटलं, सोडतोय गं, पण फासा पडायला नको? मी तेव्हा फक्त एवढंच म्हटलं होतं, "मी त्याला धरतो." एवढ्याचं हे सगळं.

परवा सून आली होती. तिला सगळी हकीकत सांगितली, तर म्हणाली, "बाबा, व्हिडिओ लावून देते ना मी, म्हणजे फासा तुमचा तुम्हालाच दिसेल." आणि नंबर लावायलाच बसली. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

म्हटलं, नको गं बाई. त्या तळघरात उजेड फार कमी आहे.